‘रायपेरियन’ : काठाचा शब्द, पाण्याचा हक्क

गेल्या अंकात कृष्णा खोऱ्यातील पाणीवाटपावर एक लेख छापला होता. त्यात ‘रायपेरियन राज्ये’ असा शब्दप्रयोग दोन ठिकाणी आला, पण त्याचा अर्थ कोठेच दिलेला नव्हता. ही उणीव वाचकांनी लगेच दाखवून दिली. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे निवडून या वेळचे सदर त्या एकाच इंग्रजी विशेषणासाठी ठेवले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या तिन्ही प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : माझी मुलगी कोल्हापुरात कायद्याचे शिक्षण घेते. तिला एका उताऱ्याचे मराठी भाषांतर करायचे होते आणि त्यात ‘रायपेरियन ओनर’ असा शब्द होता. शब्दकोशात ‘नदीकाठचा’ असा अर्थ मिळाला, म्हणून तिने ‘नदीकाठचा मालक’ असे लिहिले. मला ते पुरेसे वाटले नाही. आमचे घर नदीकाठच्या गावात आहे आणि मोठ्या पुरात पाणी उंबऱ्याला लागते, पण आमचे शेत नदीपासून तीन गट आत आहे. मग आम्ही ‘रायपेरियन’ आहोत की नाही? संस्कृत शिकवणारे माझे एक स्नेही म्हणतात की ‘तटस्थ’ हाच त्याचा शब्दशः प्रतिशब्द आहे. उच्चाराबद्दलही खुलासा करावा. – एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : आधी उच्चार. इंग्रजीत या शब्दाचा उच्चार ‘रायपेअरिअन’ असा होतो आणि जोर ‘पेअ’ या अक्षरांवर पडतो. अमेरिकेत ‘रिपेअरिअन’ असाही उच्चार ऐकू येतो. मराठी लेखनात ‘रायपेरियन’ हे रूप सुटसुटीत वाटते, म्हणून पुढे तेच वापरले आहे. दुरुस्ती या अर्थाच्या ‘रिपेअर’ शब्दाशी याचे काही नाते नाही. आवाज सारखा असल्यामुळे विद्यार्थ्यांचा तसा गैरसमज होतो, म्हणून हे मुद्दाम सांगत आहे.

लॅटिन भाषेत नदीच्या काठाला ‘रिपा’ म्हणतात आणि त्या काठाशी संबंधित असलेल्याला ‘रिपारिउस’. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी कायद्याच्या भाषेत रूढ झालेले ‘रायपेरियन’ हे विशेषण थेट या लॅटिन शब्दावरून घडवले आहे. नदीसाठी आपण रोज वापरतो तो ‘रिव्हर’ हा शब्दही याच ‘रिपा’च्या वंशातला आहे आणि तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला. म्हणजे त्या भाषांमध्ये काठाचे नाव वाहत्या पाण्याला मिळाले. पोहोचणे या अर्थाचे ‘अराइव्ह’ हे क्रियापदही मुळात ‘काठाला लागणे’ असेच होते. आपल्याकडे नावाडी आजही नाव काठाला लागली असे म्हणतो, त्यामुळे हा अर्थ समजायला आपल्याला कोशाची फारशी गरज पडत नाही.

आता ‘तटस्थ’. आपल्या स्नेह्यांची व्युत्पत्ती अगदी बरोबर आहे. तट म्हणजे काठ आणि तटावर उभा असलेला तो तटस्थ. परंतु आपल्या भाषेने या शब्दाला नेमकी उलट दिशा दिली आहे. काठावर उभा असलेला माणूस प्रवाहात उतरलेला नसतो, त्याला त्या पाण्याशी देणेघेणे नसते, तो दोन्ही बाजू नुसत्या पाहतो, म्हणून तो निःपक्षपाती, असा अर्थविस्तार संस्कृतात झाला आणि मराठीत तो पक्का रुजला. इंग्रजीतला रायपेरियन माणूसही काठावरचाच आहे, पण तो तेथे हक्क सांगण्यासाठी उभा आहे. पाणी कमी आले, गढूळ आले, वरच्याने अडवले किंवा खालच्याने तुंबवले, तर बोलण्याचा अधिकार त्याला त्या काठामुळेच मिळतो. ‘तटस्थ मालक’ असे भाषांतर वाचून कोणीही वेगळाच अर्थ घेईल. तेव्हा व्युत्पत्ती जुळली तरी हा प्रतिशब्द चालणार नाही.

याच संदर्भात आणखी एक लॅटिन शब्द आठवतो. ‘रिवुस’ म्हणजे ओढा किंवा पाट. एकाच पाटातून पाणी घेणाऱ्या शेजाऱ्यांना रोमन कायद्यात ‘रिवालेस’ म्हणत आणि त्यावरूनच प्रतिस्पर्धी या अर्थाचा ‘रायव्हल’ हा इंग्रजी शब्द आला. एका पाटावर ज्यांचे शेत भिजते त्यांच्यात पाळीवरून काय घडते, हे शिरोळच्या वाचकांना मी सांगावे असे नाही. पाण्याचा शेजार एका भाषेत स्पर्धेचे नाव होऊन बसला आणि दुसऱ्या भाषेत काठावर उभे राहणे हे अलिप्ततेचे नाव झाले. ‘रायपेरियन’ हा शब्द अर्थाने या दोहोंपैकी पहिल्याच्या जवळ आहे.

तुमच्या घरातील मतभेदाचे मूळ मात्र मराठी ‘काठ’ या शब्दाच्या ऐसपैसपणात आहे. आपण कृष्णाकाठ, वारणाकाठ, पंचगंगाकाठ म्हणतो तेव्हा नदीच्या दोन्ही अंगांचा सगळा मुलूख मनात असतो. त्यात गावे येतात, मळीच्या जमिनी येतात, ऊस येतो, वांगी येतात आणि तिथली माणसेही येतात. ‘गंगथडी’ आणि ‘भीमथडी’ या जुन्या नावांतली ‘थडी’ म्हणजेही काठच आणि तेथेही त्या शब्दाने एक पूर्ण प्रदेश व्यापला आहे. त्यामुळे मराठीत ‘मी नदीकाठचा’ असे म्हणणाऱ्या माणसाची नदीला लागून वीतभरही जमीन असण्याची गरज नसते. तुम्ही या अर्थाने शंभर टक्के नदीकाठचे आहात.

कायद्यातले ‘रायपेरियन’ इतके उदार नाही. तेथे एकच कसोटी आहे आणि ती म्हणजे जमीन प्रवाहाला भिडलेली असणे. ही कसोटी समजून घेण्यासाठी आपल्याकडचे खरेदीखत उघडून पाहावे. त्यात जमिनीच्या चतुःसीमा लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमुक गट, पश्चिमेस तमुक गट, दक्षिणेस पाणंद आणि उत्तरेस पंचगंगा नदी. या चारांपैकी एका बाजूला नदीचे किंवा ओढ्याचे नाव असेल तर ती जमीन रायपेरियन. नदीला लागलेली कड चार हातांची असो की चारशे हातांची, त्याने फरक पडत नाही. पण मध्ये दुसऱ्या कोणाचा एक निरुंद पट्टा जरी असला, तरी मागची जमीन रायपेरियन राहत नाही. तुमचे शेत तीन गट आत आहे, म्हणून ते रायपेरियन नाही.

पुराचे पाणी उंबऱ्याला लागते, या कारणानेही ते तसे होत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली होती, तर तेथील धोक्याची पातळी 43 फूट आहे. त्या दिवसांत कोल्हापूर शहरात व्हीनस कॉर्नरपर्यंत पाणी आले, पण म्हणून तेथील दुकानदार रायपेरियन मालक झाले नाहीत. पूर येतो आणि ओसरतो. काठाचा हक्क नदीच्या नेहमीच्या पात्राला लागून असण्यातून येतो.

हा हक्क नेमका कशाचा, हेही पाहिले पाहिजे, नाहीतर शब्दाचा अर्थ अर्धाच राहील. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 (इंग्रजीत ‘इंडियन ईझमेंट्स ॲक्ट’) याच्या कलम 7 मधील एका उदाहरणात तो नेमक्या शब्दांत सांगितला आहे. त्याचा आशय असा की नैसर्गिक प्रवाह, सरोवर किंवा तळे यांना लागून असलेल्या जमिनीच्या प्रत्येक मालकाला पिण्यासाठी, घरगुती वापरासाठी आणि गुराढोरांसाठी ते पाणी घेता येते. त्याचप्रमाणे ती जमीन भिजवण्यासाठी आणि त्या जमिनीवरील कारखान्यासाठीही पाणी घेता येते, मात्र त्यामुळे तशाच इतर मालकांचे लक्षणीय नुकसान होता कामा नये. लक्षात घ्या, ‘रायपेरियन’ हा शब्द या वाक्यात नाही. ‘लागून असलेल्या जमिनीचा मालक’ असे सरळ शब्द कायदा लिहिणाऱ्यांनी वापरले आहेत. एखाद्या संकल्पनेसाठी अवघड विशेषण उपलब्ध असतानाही त्यांनी साधे शब्द निवडले, ही गोष्ट भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्या वाक्यातील अट या शब्दाचा प्राण आहे. रायपेरियन मालक एकटा कधीच नसतो. त्याच्या वर कोणीतरी असतो, खाली कोणीतरी असतो, समोरच्या काठाला कोणीतरी असतो आणि त्या सर्वांचा हक्क सारख्याच दर्जाचा असतो. अमेरिकेतील न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी 1827 मध्ये टायलर विरुद्ध विल्किन्सन या खटल्यात हे तत्त्व मांडले. काठच्या मालकाची मालकी खुद्द पाण्यावर नसते, ते पाणी त्याच्या जमिनीजवळून जात असताना त्याचा वापर करण्याचा हक्क तेवढा त्याला असतो, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. पाणी जाता जाता आपले असते, थांबवून आपले होत नाही, असे मी ते मराठीत सांगेन.

सगळ्या जगाने ही रीत मान्य केली असे मात्र समजू नये. अमेरिकेच्या पूर्वेकडील पाऊसमान चांगले असलेल्या राज्यांत काठाचा नियम चालतो, तर पश्चिमेकडील कोरड्या राज्यांत जो आधी पाणी वापरू लागला त्याचा हक्क आधी, मग त्याची जमीन नदीपासून कितीही दूर असो, असा नियम आहे. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने काठाचा नियम आपल्या राज्यात लागू नाही असे 1882 मध्येच ठरवले. आपल्याकडे सुविधाधिकार अधिनियम झाला ते हेच वर्ष. एकाच वर्षी एका देशात काठाचा हक्क कायद्याच्या पुस्तकात लिहिला गेला आणि दुसऱ्या देशातील एका राज्यात तो नाकारला गेला. पाऊस किती पडतो आणि शेत नदीपासून किती दूर आहे, यावर शब्दांचे भवितव्यही ठरते.

इंग्रजी पुस्तकांतून हा विषय वाचणाऱ्या विद्यार्थिनीने आणखी एक सावधगिरी बाळगावी. इंग्लंडमधील रायपेरियन मालक सामान्यतः प्रवाहाच्या मध्यरेषेपर्यंतच्या तळाचाही मालक मानला जातो. महाराष्ट्रात तसे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 याच्या कलम 20 प्रमाणे नद्या, ओढे, नाले यांचे तळ आणि वाहते पाणी ही शासनाची मालमत्ता आहे. सुविधाधिकार अधिनियमानेही नैसर्गिक पात्रातून वाहणाऱ्या नद्यांचे पाणी गोळा करणे, साठवणे आणि वाटणे यांचे नियमन करण्याचा शासनाचा अधिकार अबाधित ठेवला आहे. उन्हाळ्यात पाटबंधारे विभाग उपसाबंदी जाहीर करतो आणि काठावरचे पंपही बंद ठेवावे लागतात, त्यामागे हाच अधिकार आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात तर या शब्दाची मर्यादा डोळ्यांनी दिसते. येथे नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की त्यांच्या गाळ्यांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. या अडवलेल्या पाण्यात जॅकवेल, म्हणजे पाणी उपसण्याची विहीर, बांधून सहकारी पाणीपुरवठा संस्था ते पाणी उचलतात आणि नळातून मैल-दोन मैल आतल्या उसाला पोहोचवतात. त्या आतल्या शेतांपैकी एकही शेत रायपेरियन नाही. त्यांना मिळणारे पाणी परवान्याने मिळते, मोजून मिळते आणि त्याची पाणीपट्टी भरावी लागते. परवान्याचा हक्क कमी प्रतीचा आहे असे मी मुळीच म्हणत नाही. या जिल्ह्याची बरीचशी समृद्धी त्यावरच उभी आहे. पण तो कागदातून आलेला हक्क आहे, काठातून आलेला नाही, आणि ‘रायपेरियन’ या विशेषणाने नेमका हाच फरक दाखवला जातो.

आता मुलीच्या भाषांतराकडे येतो. कायद्याच्या मजकुरात ‘रायपेरियन ओनर’ला ‘प्रवाहालगतच्या जमिनीचा मालक’ असे लिहावे, हे माझे मत आहे. ‘नदीलगतचा’ हा शब्दही चांगला आहे, पण हक्क ओढ्याच्या काठालाही लागू होतो, म्हणून ‘प्रवाह’ अधिक नेमका. ‘लगत’ हा शब्द आपल्या महसुली भाषेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, तलाठ्यापासून वकिलापर्यंत सर्वांना कळतो आणि भिडलेली जमीन व जवळची जमीन यांतला फरक त्याच्या वापरात टिकून आहे. ‘रायपेरियन राइट्स’ला ‘प्रवाहालगतच्या जमिनीचे पाणीहक्क’ असे म्हणता येईल. शब्द लांबतात हे मान्य आहे, पण कायद्यात आखूड आणि संदिग्ध शब्दापेक्षा लांब आणि स्पष्ट शब्द बरा. ‘तटीय’ हा शब्द मात्र टाळावा, कारण तो समुद्रकिनाऱ्यासाठी इतका रुळला आहे की वाचकाला कोकण आठवेल.

प्रश्न : मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. आमच्या अभ्यासात ‘रायपेरियन व्हेजिटेशन’ आणि ‘रायपेरियन झोन’ हे शब्द सतत येतात. तेथेही जमीन नदीला लागून असण्याची अट आहे का? – एक वाचक, आजरा

उत्तर : येथे मालकीचा प्रश्न नसल्यामुळे शब्द सैल होतो आणि तसा तो झालेलाच बरा. वनस्पतिशास्त्रात रायपेरियन पट्टा म्हणजे पाणी आणि कोरडी जमीन यांच्या मधला तो भाग, जेथे नदीचा ओलावा, गाळ आणि पूर यांच्यामुळे झाडोरा आजूबाजूपेक्षा वेगळा होतो. या पट्ट्याची रुंदी ठरलेली नसते. घाटातल्या अरुंद ओढ्याला तो काही पावलांचा असतो आणि नृसिंहवाडीच्या आसपास, जेथे पंचगंगा कृष्णेला मिळते, तेथे तो पुष्कळ पसरट असू शकतो. मोजपट्टीपेक्षा झाडांवरून हा पट्टा अधिक चांगला ओळखता येतो.

तुमच्या हिरण्यकेशी नदीच्या काठाने चालत गेलात तर उंबर, करंज, जांभूळ आणि वाळुंज ही मंडळी भेटतील. खडकाळ पात्रात अगदी पाण्याच्या धारेत उभी राहणारी शेरणी पाहिली असेलच. तिच्या फांद्या लवचिक आणि पाने लांबट, निमुळती असतात, म्हणून पुराचा लोंढा अंगावरून गेला तरी ती वाकते आणि पुन्हा उभी राहते. शेरणीचे शास्त्रीय नाव ‘होमोनोइया रिपारिया’ असे आहे. त्यातला दुसरा शब्द आपल्या विशेषणाचाच लॅटिन सख्खा भाऊ आहे. पाकोळ्यांपैकी नदीच्या उभ्या दरडीत बिळे करून वसाहतीने घरटी घालणाऱ्या जातींच्या प्रजातीलाही ‘रिपारिया’ हेच नाव दिलेले आहे. कायद्यातला रायपेरियन मालक आणि दरडीतली पाकोळी हे दोघे एकाच शब्दाखाली येतात याचे मला मोठे अप्रूप वाटते. पाकोळीची अट तर मालकापेक्षाही कडक आहे, कारण तिला काठ उभा, मऊ आणि न बांधलेला लागतो.

मराठीत या ठिकाणी ‘नदीकाठचा झाडोरा’ आणि ‘नदीकाठचा पट्टा’ हे शब्द निर्धास्तपणे वापरावेत. पहिल्या उत्तरात जो ऐसपैसपणा अडचणीचा ठरला, तोच येथे उपयोगी पडतो.

एक फरक मात्र जपावा. पाटबंधारे विभाग नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. सरासरीने 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द निळी रेषा दाखवते आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द लाल. या रेषा बांधकामावरील निर्बंधांसाठी आहेत. त्यांच्या आतला सगळा प्रदेश म्हणजे रायपेरियन पट्टा असे प्रकल्प-अहवालात लिहिलेले मी पाहिले आहे आणि ते चूक आहे. लाल रेषेच्या आत सिमेंटचे रस्ते आणि चार मजली इमारतीही असू शकतात, तेथे शेरणी उगवत नाही.

प्रश्न : बातम्यांमध्ये ‘अप्पर रायपेरियन’ आणि ‘लोअर रायपेरियन’ असे शब्द येतात. विशेषणाच्या पुढे नामच नसते. हे व्याकरणदृष्ट्या योग्य आहे का? शिवाय राज्य काही शेतकरी नाही, मग राज्याला हे विशेषण कसे लागते? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : व्याकरणदृष्ट्या योग्य आहे. इंग्रजीत काही विशेषणे नामासारखी वापरली जातात आणि हे त्यांपैकी एक आहे. ‘अप्पर रायपेरियन’ म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाचा हक्कदार आणि ‘लोअर रायपेरियन’ म्हणजे खालच्या अंगाचा. मराठीत ‘वरच्या अंगाचे राज्य’ आणि ‘खालच्या अंगाचे राज्य’ म्हटले की काम भागते, कारण नदीच्या बाबतीत वर आणि खाली कोणते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

राज्याला हे विशेषण लागते ते रूपकाने. ज्या राज्याच्या भूमीतून किंवा हद्दीवरून नदी वाहते, ते राज्य जणू तिच्या काठचा मालक, अशी कल्पना आहे. कृष्णेच्या बाबतीत महाराष्ट्र वरच्या अंगाचा, कर्नाटक मधला आणि तेलंगण व आंध्र प्रदेश खालच्या अंगाचे. 1969 मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या लवादाच्या 1976 मधील अंतिम आदेशाने 75 टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरपैकी पंचाहत्तर वर्षे तरी मिळेल असे, 2060 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वाटले, त्यात महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला 800 टीएमसी मिळाले. प्रत्येक राज्यातील काठाची लांबी मोजून हे आकडे काढलेले नाहीत. आधीपासून चालू असलेला वापर आणि राज्यांच्या गरजा अशा गोष्टींचा विचार करून न्याय्य वाटप करण्याचे तत्त्व त्यामागे आहे. म्हणजे रायपेरियन असल्यामुळे राज्याला वाटपाच्या बैठकीत बसायला मिळते, पण ताटात किती वाढले जाईल ते त्या शब्दावरून ठरत नाही.

याची उलट बाजूही पाहावी. तमिळनाडू कृष्णेच्या काठी नाही आणि तिच्या खोऱ्यातही नाही. तरीही चेन्नई शहराला पिण्यासाठी प्रत्येकी 5 टीएमसी पाणी देण्याचे महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी मान्य केले. रायपेरियन नसलेल्या राज्याला तिघा रायपेरियन राज्यांनी आपल्या वाट्यातून पाणी दिले, असे हे उदाहरण आहे. अशा वेळी इंग्रजीत ‘नॉन-रायपेरियन’ हा शब्द वापरतात आणि तो कमीपणा दाखवणारा नाही.

वर आणि खाली यांच्यातील तक्रारीची दिशा नेहमी एकच असते असेही नाही. सामान्यतः खालचा वरच्याकडे पाण्यासाठी बोट दाखवतो. पण कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या बाबतीत कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील लोक वरच्या अंगाचे असूनही खालच्या धरणाबद्दल काळजी व्यक्त करतात. फुगवट्यामुळे, म्हणजे धरणात अडलेले पाणी मागे चढल्यामुळे, पूर लांबतो, हा त्यांचा मुद्दा आहे. त्या धरणाची उंची 519.6 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत वाढवण्यास कृष्णा पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादाने 2010 मध्ये अनुमती दिल्यापासून ही चर्चा तीव्र झाली. त्या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. शब्दापुरते सांगायचे तर ‘अप्पर रायपेरियन’ म्हणजे बलवान आणि ‘लोअर रायपेरियन’ म्हणजे दुबळा, असे समीकरण मांडणाऱ्या बातम्या सावधपणे वाचाव्यात.

तुम्ही इचलकरंजीचे आहात, म्हणून एक उदाहरण घरचेच देतो. शहर पंचगंगेच्या काठचे आहे, पण पिण्याचे स्वच्छ पाणी दूधगंगेवरून आणावे अशी योजना पुढे आली तेव्हा दूधगंगाकाठच्या गावांनी तिला विरोध केला. पंचगंगेच्या दृष्टीने काठचे असलेले शहर दूधगंगेच्या दृष्टीने बाहेरचे ठरले. एका नदीचा रायपेरियन दुसऱ्या नदीचा रायपेरियन आपोआप होत नाही, हे यावरून ध्यानात येते. आणि दूधगंगाकाठच्या शेतकऱ्याने ‘हे आमच्या नदीचे पाणी’ असे म्हटले, तेव्हा त्याने हा इंग्रजी शब्द कधी ऐकला नसेल, तरी तो त्या शब्दाचा गाभाच बोलत होता. तहानलेल्या शहराची गरज खरी आहे आणि काठच्या माणसाची भीतीही खरी आहे.

याच कारणामुळे आंतरराष्ट्रीय कायद्यात हा शब्द हळूहळू मागे पडत आहे. 1966 च्या हेलसिंकी नियमांनी ‘बेसिन स्टेट’, म्हणजे खोऱ्यातील राज्य, असा शब्द वापरला. संयुक्त राष्ट्रांच्या 1997 च्या जलप्रवाहविषयक करारात ‘वॉटरकोर्स स्टेट’ असा शब्द आहे. काठावरून लक्ष खोऱ्याकडे गेले, कारण नदी केवळ काठच्या जमिनीवर अवलंबून नसते. राधानगरीच्या डोंगरात पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेत आणि पंचगंगेतून कृष्णेत जातो, आणि ज्या डोंगरउतारावर तो पडला त्याला नदीचा काठ म्हणता येत नाही. मराठी वृत्तपत्रांनी ‘कृष्णा खोऱ्यातील राज्ये’ हा शब्दप्रयोग वर्षानुवर्षे केला आहे आणि तो या नव्या विचाराला अधिक जवळचा आहे. गेल्या अंकातील लेखातही ‘रायपेरियन राज्ये’ऐवजी हाच शब्द असता तर अर्थ काहीही न गमावता सर्वांना कळला असता.

प्रश्न : रंकाळा तलावाच्या काठचे घर, कालव्याच्या काठचे शेत आणि जयंती नाल्याच्या काठचे दुकान यांना इंग्रजीत ‘रायपेरियन’ म्हणता येईल का? आणि पंचगंगा घाटावरच्या मंदिरांना? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मंदिरांना म्हणू नये. घाटाची शोभा, नदीकाठची संध्याकाळ, नदीकाठचे उपाहारगृह अशा वर्णनांसाठी इंग्रजीत ‘रिव्हरसाइड’ हा साधा शब्द आहे. ‘रायपेरियन’ हा कायदा, पाणीवाटप आणि निसर्गविज्ञान यांच्या लेखनातला शब्द आहे. वर्णनात तो घातला की वाक्य दप्तरी वाटू लागते.

रंकाळ्यासाठी तो काटेकोरपणे योग्य नाही. स्थिर पाण्याच्या काठाला इंग्रजी कायद्यात ‘लिटोरल’ म्हणण्याचा प्रघात आहे, जो समुद्रकाठालाही लागतो, आणि शास्त्रीय लेखनात सरोवराशी संबंधित गोष्टींना ‘लॅकस्ट्राइन’ म्हणतात. काही कोश ‘रायपेरियन’च्या अर्थात तलावाचा काठही कधीकधी धरतात, त्यामुळे कोणी तसे लिहिले तर त्याला थेट चूक ठरवता येणार नाही. मी मात्र लिहिणार नाही.

कालव्याच्या बाबतीत उत्तर निःसंशय नकारार्थी आहे. कालवा माणसाने खोदलेला असतो, त्यातले पाणी आवर्तनाने सुटते आणि शेत त्याला लागून असले तरी पाण्याची मागणी नोंदवावीच लागते. काठाचा हक्क नैसर्गिक पाण्यापुरता आहे.

जयंती नाल्याचे उत्तर मात्र होकारार्थी आहे. शहराचे सांडपाणी वाहून नेणारा म्हणून आज त्याला सगळे नाला म्हणतात, पण तो नैसर्गिक प्रवाह आहे, पंचगंगेला जाऊन मिळतो आणि त्याला जयंती नदी हे नावही आहे. पाणी घाण झाले म्हणून प्रवाहाचे नैसर्गिकपण जात नाही. तुमच्या दुकानाची जागा त्याच्या पात्राला लागून असेल, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही पूर्ण अर्थाने रायपेरियन मालक आहात. तुमच्या वरच्या अंगाला त्यात काय सोडले जाते, हे विचारण्याचा आधारही तुम्हाला याच शब्दात मिळतो.